अकरा

आगीचा बंब बाहेर थंडीत उभा करतात
आणि त्याच्या जागी मतदान होतं.
गावची मतं तीनशे चार.
त्यातली अकरा दरवेळी उलटी पडतात.
कोणाची, ते सगळ्यांना पाठ :
गुरांचा डॉक्टर, लायब्ररीतली मार्लिस,
पाद्री, तो नाही म्हणतो तरी,
आणि ऑर्विल स्टेन्सरुड, ज्याच्या कुंपणावरची पाटी
पोरं दर ऑक्टोबरात पळवायची.

ऑर्विल ऑगस्टमध्ये गेला.

रात्री यंत्रातून पट्टी निघाली.
डेल्बर्टनं चष्मा पुसून पुन्हा वाचली.
अकराच.

सकाळी कॅफेत
जो तो दुसऱ्याच्या कपाकडे बघत होता.
पन्नास वर्षं नवऱ्याचं मत
आपल्या मतानं खोडून काढणारी व्हर्ना
अंड्यावर मीठ घालत राहिली,
त्याला लागायचं तेवढं.