अकराव्या दिवशी

तुर्कूच्या प्रयोगशाळेत नमुना सदतीस :
डावा गुडघा, स्त्री, वय एकोणऐंशी.
पाच डब्या, पाच तुकडे,
एकही करंगळीच्या पेरापेक्षा मोठा नाही.
नाव आमच्यापर्यंत येऊ नये असा नियम आहे.
पण कागदाच्या पाठीवर कुणीतरी पेन्सिलीनं लिहिलंय :
इर्या लेहतोसारी. बेटांवर टपाल वाटायची.
लवकर कळवा, सारखी विचारते.

लवकर कसं कळवू?
यांना हवा नको, घाई नको.
उबेत ठेवायचं चौदा दिवस
आणि झाकणाला हात लावायचा नाही.

सातव्या दिवशी सर्जनबाईंचा फोन. काही?
काही नाही.
खाली नदीवर पहिली साय धरली होती, बर्फाची.

अकराव्या दिवशी
एका तबकडीत, एकाच,
खसखशीच्या अर्ध्या दाण्याएवढा फिकट ठिपका.
बाकी चार कोऱ्या.

आता सांगा.
माझ्या हातमोज्यावरून पडलात?
शस्त्रक्रियेच्या दिवशी, कातडीतून, पात्याबरोबर आत गेलात?
की आधीपासून तिथेच होतात,
ती वल्ही मारायची तेव्हा,
पत्रांची पिशवी मांडीवर घेऊन
धुक्यात धक्का शोधायची तेव्हा,
त्या दोन चमचे वंगणात
भाडं न देता, भांडण न करता?

कधीच न कापलेले गुडघेही तपासलेत लोकांनी.
तिथेही कुणीकुणी सापडतं म्हणतात.
कुणी म्हणतात, डब्याच मळक्या होत्या.
अक्कल गुडघ्यात असते हे आपण सहज बोलून जातो,
तिथे आणखी कोण राहतं
हे विचारायचं राहूनच गेलं.

मग एक दिवस हाड गेलं, धातू आला.
गुळगुळीत, थंड, कुणाचाच नसलेला.
अशा भिंतीवर कुणीही घर बांधेल.
चिकट छप्पर घालून, औषधाला दार न उघडता.
तुम्ही बांधलंत का?
की नुसते दारात उभे होतात
आणि मी तुम्हाला आत ओढून उबेत वाढवलं?

अहवालात तीनच शब्द बसतात :
वाढ आढळली. अनिश्चित.
त्यावर सर्जनबाई ठरवतील,
सांधा पुन्हा उघडायचा की थांबायचं.
पाठीमागच्या पेन्सिलीला
मी काहीच उत्तर लिहिलं नाही. खोडरबर मात्र
दोनदा हातात घेतलं.

संध्याकाळी जिना उतरताना
माझा उजवा गुडघा कटकन वाजला.
मी कठड्याला धरून थांबलो,
शेजारच्या खोलीत कुणी खोकलं
तर थांबतो तसा.