कमरेला रेघ असलेला सात

रात्रीचे अडीच.
बॅडमिंटन कोर्टाच्या पिवळ्या रेषांवर टेबलं,
टेबलांवर मी,
पन्नास-पन्नासच्या गठ्ठ्यांत, रबरबँड लावून.

शेवटची जागा. तीन मतं कमी.
मॅलकी स्कॅनलनला त्याच्या पोरांनी उचललंसुद्धा होतं.
चाळीस वर्षं अख्ख्या परगण्याला खांदा देणारा माणूस,
शवपेट्यांचा धंदा, शिवाय जमिनींचे लिलाव,
पहिल्यांदाच स्वतः लोकांच्या खांद्यावर
आणि जिवंत.
तेवढ्यात मी म्हणाले, "पुन्हा मोजा."

त्याला खाली उतरवलं. सावकाश,
कुठेही तिरपा न होऊ देता,
सवयीच्या हातांनी.

"कशाला, अट्राक्टा?" चहाच्या पिंपापाशी माझा भाऊ.
"तीन म्हणजे तीन. झोपू दे लोकांना."
एकतीस वर्षं मी या डोंगरांतून टपाल वाटलं.
पत्ता लागत नाही असं पाकीट
परत पाठवण्याआधी एकदा उलटून बघायचं,
एवढंच शिकले. पण हे भावाला सांगणार कसं,
त्याच्या तोंडात सँडविच होतं.

निवडणूक अधिकारी फर्गल डिग्ननने चष्मा कपाळावर सारला.
"कारण?"
"तीन," मी म्हणाले.
त्याने ते लिहून घेतलं.

बोटांना रबरी टोप्या चढवून बायका पुन्हा बसल्या.
कठड्याला रेलून पेन्सिलवाले, जांभया, कुणाचं तरी बाळ.
स्कॅनलनच्या एका गठ्ठ्यात एकोणपन्नासच निघाली.
दोनवर आलो.
मग बाद मतांचा ट्रे.

एक कागद. दोन ते सहा जागच्या जागी,
माझ्या नावापुढे सात, एक कुठेच नाही. म्हणून बाद.
मी वाकले आणि ओळखलं.
दर डिसेंबरात पोलंडला जाणारं पार्सल,
आईच्या घराचा नंबर अकरा.
पहिल्या वर्षी काउंटरवर मी तो सत्त्याहत्तर टाइप केला,
लोकरीचे मोजे मार्चमध्ये परत आले.
बोगुमिला काही बोलली नाही तेव्हा. फक्त
माझं पेन घेतलं, आणि पुन्हा अकरा काढले,
पुन्हा सत्त्याहत्तरसारखेच.

नाव जिभेवर आलं होतं. गिळलं.
मतपेटीत टाकताना तिने कागदाची घडी घातली होती,
ती उलगडणारी मी कोण?

"फर्गल, तळाशी बघ. स्कॅनलनपुढे."
तिथे होता खरा सात,
कमरेला आडवी रेघ, पट्टा आवळल्यासारखी.
"सात असा काढणारा हात
वरचं ते काय काढेल?"

स्कॅनलनचा वकील म्हणाला, सात आहे.
माझा भाऊ, आता रिकाम्या तोंडाने, म्हणाला, एक.
मग मॅलकी स्वतः आला, टाय सैल,
कागदावर नाक टेकेल इतका वाकला.
"एक आहे," म्हणाला.
"दगडावर आकडे कोरून घेतो मी रोज.
एकच आहे तो."
दोनातून एक गेला तरी किती उरतो,
हा हिशेब त्याने आधी केला होता की नाही,
मला माहीत नाही. विचारलंही नाही.

पाच वाजून दहा.
एका मताने.
त्याला पुन्हा उचललं.

येताना फाट्यावर मश्रूमच्या शेडची माणसं
व्हॅनची वाट बघत उभी. थंडी.
केसांवर जाळी, हातात डबा, बोगुमिला.
तिने भुवया उंचावल्या: किती?
काचेआडून मी एक बोट दाखवलं.

ती उडीच मारते की काय असं वाटलं.
डबा बाजूचीच्या हाती देऊन
दोन्ही हात डोक्यावर नेऊन टाळ्या वाजवल्या,
आणि तिच्या बघून बाकीच्यांनीही,
ज्यांना काय ते ठाऊकच नव्हतं.

उतरून सांगायला हवं होतं.
मागून व्हॅन आली, हॉर्न वाजला,
मी गाडी पुढे घेतली.