तीन-ब, लाँड्रीच्या वर

खोकी अजून फोडलेली नाहीत.
केटल सापडली, चमचे नाहीत.
स्क्रूड्रायव्हरनं ढवळलेली कॉफी घेऊन
खिडकीच्या कट्ट्यावर मी बिलं मांडते:
वीज. गॅस. दातांच्या डॉक्टरचे उरलेले दोन हप्ते.
जो सोफा जिन्यात मावला नाही
म्हणून मागंच सोडून आले, त्याचे अकरा.
आणि हॉस्पिटल,
ज्याचं पाकीट मी नेहमी सगळ्यांत खाली ठेवते.

बाहेर मार्च संपत आला तरी तळं पांढरंच.
डुलुथच्या बंदरात बर्फफोडीचं जहाज
तीच वाट पुन्हा पुन्हा फोडतंय.
खाली कुणी ड्रायर लावला की
माझी लाकडी जमीन कोमट होते.
भाड्यात हे धरलेलं नाही.

क्लोकेच्या बहिणीला, सेल्माला, अजून कळवलं नाही.
चर्चच्या तळघरात रविवारी कॉफी ओतणाऱ्या बायकांनाही नाही.
पण ज्यांचं देणं लागतो त्यांना आधी सांगावं,
ही आईची रीत.
उधारी असलेल्या दुकानावरून
मान खाली घालून जायचं नाही, म्हणायची.
आत जायचं. पैसे नसले तरी जायचं.

वीजवाली विचारते, जुना पत्ता?
माझ्या तोंडून तो धडधडत बाहेर पडतो,
अठ्ठावीस वर्षांची घसरगुंडी.
नवा?
थांबा हं, म्हणते, आणि भाडेकराराचा कागद शोधते.

सोफ्याच्या दुकानात माणूस नाही, यंत्र आहे.
आडनाव सांगा.
लेहटोनेन.
मला ऐकू आलं, लेमन टोन. बरोबर असल्यास एक दाबा.
तिसऱ्या खेपेला मी एक दाबते.
लेमन टोनबाईंनी हप्ते भरले तर माझी काय हरकत?

दातांच्या वसुलीचा मुलगा कुठल्याशा उन्हाळी गावातून बोलतो.
सगळं लिहून झाल्यावर म्हणतो,
नवं घर आवडलं का?
या आठवड्यात एवढं एकट्यानंच विचारलं.
मला उत्तर तयार नव्हतं. म्हटलं, जमीन गरम असते.

मग सगळ्यांत खालचं पाकीट.
मिस ओडेगार्ड, बिलिंग विभाग.
खातं दोघांच्या नावे दिसतंय, म्हणते ती,
रुग्ण रेनो लेहटोनेन, हमीदार इर्या लेहटोनेन.
दोघांचाही पत्ता बदलायचा?

घर विकून निम्मं फेडलं होतं,
तेव्हा कुणी असं विचारलं नाही.

नाही, म्हटलं. त्याला राहू द्या तिथंच.
त्या टेकडीवर, त्याच्या बर्फाच्या फावड्यापाशी.

तिकडून कळफलकाचा आवाज. मग शांतता.
मग ती, जरा हळू आवाजात,
माफ करा, एका खात्याला एकच पत्ता चालतो.
वेगळा ठेवला तर बिल जुन्या घरी जाईल,
आणि उशिराचा दंड तुम्हालाच लागेल.

दंड किती?
पस्तीस डॉलर.

पस्तीस डॉलर माझ्याकडे नाहीत, रेनो.
चल मग.

लागू दिनांक? आजपासून.
करारावर भाडेकरू एकच लिहिलाय.
मालकाला मी काही सांगणार नाही.

खाली जाऊन टपालपेटीवर नाव लिहिलं,
नुसतं आडनाव, पुढचं अक्षर नाही.
पेन थंडीनं दोनदा अडला.
परत येईपर्यंत ड्रायर थांबला होता,
जमीन निवत चालली होती.

चमचे चौथ्या खोक्यात निघाले,
त्याच्या करड्या लोकरी मोज्यांत गुंडाळलेले.
मीच गुंडाळले असणार.
दुसरं कोण होतं तिथं?