उजव्या बाजूला बस

तिथे नको, कॉय. इकडे ये, उजव्या बाजूला.
माझ्या डाव्या कानात सतत एक जुना फ्रिज चालू असतो,
त्यापुढे माणसांचं काही ऐकू येत नाही.

तर, काय मिळालं, असं विचारतोयस.
तुझ्या आईने पाठवलं की स्वतःहून आलास?
बरं, राहू दे.
प्रुइट सार्जंटचा पेन तुझ्या खिशात दिसतोय.
अजून तिथेच बसतो का तो,
लाँड्री आणि पिझ्झावाल्याच्या मधल्या गाळ्यात?
माझ्या वेळचा वेगळा होता, पण पेन हाच.

दात मिळाले.
हसू नकोस. हसलास की तुझेही दिसतात,
तो पुढचा, कडेने काळा पडत चाललेला.
अठरा वर्षांची होईपर्यंत मी ओठ मिटून हसले,
शाळेच्या फोटोत, चुलतबहिणीच्या लग्नात, बापाच्या विनोदांवर.
केंटकीच्या आपल्या या खोऱ्यात तेव्हा दाढेवर एकच इलाज: पक्कड.
तिकडे भरतीनंतर तिसऱ्या आठवड्यात
एका कॅप्टनने माझं तोंड उघडून पाहिलं
आणि बराच वेळ काही बोललाच नाही.
मग म्हणाला, होईल सगळं नीट.
बिलाचं नाव नाही.
त्या रात्री भूल उतरेपर्यंत आरशासमोर उभी होते,
अर्धा ओठ लोंबता, लाळ गळतेय,
आणि मनात एकच: या माणसाला
माझं पहिलं नावसुद्धा माहीत नाही.

खाट मिळाली. इथे एका गादीवर आम्ही तिघी,
तुझी आई झोपेत लाथा झाडायची, विचार तिला.
तिथे एका खोलीत साठ जणी घोरायच्या
आणि मी जन्मात पहिल्यांदा एकटी झोपले.

डिझेल इंजिन शिकले.
सुट्टीवर आले तेव्हा बापाचा पिकअप खोकत होता.
त्याने बॉनेट उघडलं, बाजूला सरकला,
म्हणाला, "ट्रेसा, जरा ऐक बरं, काय होतंय याला?"
मी वाकले. ऐकलं. सांगितलं.
तेव्हा दोन्ही कान होते.
त्याने मला आयुष्यात काही विचारलं, ते एवढंच एकदा.
दोन वर्षांनी खाणीच्या धुळीने नेला त्याला.
खरं सांगू, त्या पाच मिनिटांसाठी
मी पुन्हा सही केली असती.

हा व्हरांडा त्याच कर्जाचा. छप्परही.
कॉलेजचे पैसे मिळाले, निम्मे वापरले.
गुडघा मिळाला, पाऊस आदल्या दिवशी सांगणारा.

आणि मारिसेला.
टेक्सासची. दाताला तार लावून घेतली होती तिने,
सरकारी खर्चाने, आणि दिवस मोजायची,
अजून चार महिने, मग बघ माझं हसू.
पुढच्या ट्रकमध्ये होती.
तो आवाज मी डाव्या कानाने ऐकला,
त्या कानाने ऐकलेला शेवटचा.
तिची आई अजून नाताळला कार्ड पाठवते.
हे मिळण्यात धरायचं की जाण्यात,
तू हिशेबात हुशार आहेस, तू सांग.

प्रुइटच्या पत्रकात यातलं काही खोटं नसतं हं.
दात खरे, पगार खरा, खाट खरी.
फक्त ते पत्रक एकाच बाजूला छापतात.
मागे कोरं. तिथे मी किराणा लिहायचे.

निघालास? थंड काहीतरी घेऊन जा आतून.
दार जपून, जाळी फाटलीय.

...

कॉय. थांब.
आत्ता खुर्चीमागून जाताना काहीतरी म्हणालास तू.
मी मान हलवली.
ती सवयीने हलवली, पोरा. वीस वर्षं हलवतेय.
लोकांना बरं वाटतं.

पेन ठेव खाली.
असा इकडून ये, उजवीकडून,
आणि परत विचार.