निळं टोक

बटण निळ्या टोकापर्यंत फिरवलेलं,
त्याच्यापुढे फिरवायला जागाच नाही,
आणि जाळीतून येते ती भट्टीची धग.
बिटको चौकातला सिग्नल, मे महिना, दुपारचा एक.
मागच्या सीटवर आप्पा,
मांडीवर डायलिसिसची फाईल, फाईलवर टोपी.
उकडतंय असं एकदाही म्हणाले नाहीत.

जेल रोड ते मुंबई नाका,
आठवड्यातून तीन खेपा.
काचा उघडल्या तर धूळ, मिटल्या तर आम्ही शिजतो.

द्वारकेजवळच्या काचेच्या दुकानात सांगितलं, गॅस संपलाय.
अठराशे रुपये.
दोन दिवस मी स्वतःला पटवत राहिले
की थोडा फरक आहे.

मग टाकळी रोडला निसारभाई.
त्यानं बोनेट उघडून पाइपला बोटं लावली
आणि मलाही लावायला सांगितली.
बर्फ.
"थंडी तयार होतेय ताई, आत पोचत नाहीये.
मधे एक झडप असते, वहीच्या पुठ्ठ्याएवढी.
गारव्याकडे वळते नाहीतर इंजिनाच्या आचेकडे.
तुमची आचेकडे तोंड करून बसलीय,
रुसलेल्या जावयासारखी."
डॅशबोर्ड पूर्ण उतरवायचा. दोन दिवस.
खर्चाचा आकडा त्यानं तोंडानं सांगितला नाही,
धुळीच्या बोनेटवर बोटानं लिहिला.

आप्पा प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसले होते.
छत्तीस वर्षं नोटांच्या छापखान्यात,
नंबर पाडणाऱ्या मशीनवर.
आतलं बाहेर बोलायचं नाही ही नोकरीची अट.
ती त्यांनी घरातही पाळली,
निवृत्तीनंतरही.
तर ते उठले, दाराला धरून वाकले.
"चावी फिरव. आता ते बटण. परत फिरव."
टक. टक. टक.
मग काही नाही.
मग एक उशिराचा टक.

"दात गेलाय," आप्पा म्हणाले.
"मोटार फिरतेय, चाक घसरतंय.
डाव्या अंगाला, पायापाशी. सगळं उघडू नका."

निसारभाई माझ्याकडे बघायला लागला.
मी आप्पांकडे.
या दोन महिन्यांत एवढी लांब वाक्यं
त्यांनी डॉक्टरलाही दिली नव्हती.

मग तो उलटा झोपला,
डोकं पायदानात, पाय रस्त्यावर, दातात बॅटरी.
पुढचा खण बाहेर काढला तेव्हा मागून निघालं
टोलच्या पावत्या, बडीशेपेची पुडी,
आईच्या चष्म्याची एक काच,
जी ती असताना आम्ही घरभर शोधली होती
आणि एकमेकांवर ओरडलो होतो.
निसारभाईनं ती शर्टाला पुसून टपावर ठेवली.
कुणाची, हे विचारलं नाही.

चाक निघालं. पांढरं, रुपयाएवढं.
आप्पांनी ते उजेडाला धरलं,
आपण नोट धरतो तसं नाही.
आपण खोटी आहे का बघतो,
ते खरीतली चूक बघायचे.
नखानं एकेक दात मोजला.
"सत्तावीस. अठ्ठावीस पाहिजेत."

त्याचा भाचा तोहिद
अंबड लिंक रोडच्या भंगारातून तसलंच घेऊन आला,
कुठल्यातरी ठोकलेल्या गाडीतलं, दीडशेला.
आप्पांनी तेही मोजलं, आणि मगच मान हलवली.
निसारभाईनं मजुरीचे चारशे घेतले.
बोनेटवरचा आकडा बाहीनं पुसून टाकला.

गुरुवारी निघालो.
बिटकोपर्यंत मला खरंच वाटेना, हात जाळीसमोर धरून ठेवला.
मागे आप्पांची बाही वर दुमडलेली,
सुयांच्या जुन्या खुणांवरून गार वारा जात होता.
उपनगर गेलं. नाशिकचं ऊन काचेबाहेर,
दुसऱ्या कुणाचं असावं तसं.

द्वारकेच्या अलीकडे मागून आवाज आला,
"जरा कमी कर गं. थंडी वाजतेय."

मी बटण लाल टोकाकडे एक घर सरकवलं.
आणि आम्ही दोघंही,
हॉर्नच्या त्या गदारोळात,
टक ऐकू येतो का म्हणून
श्वास धरून बसलो.