कॅरोबराचं देऊळ

छप्पर नाही. गुडघाभर भिंती, पाणथळ गवत,
तीन वेद्या, त्याही सिमेंटच्या नकला;
खऱ्या न्यूकॅसलच्या म्युझियममध्ये, कोरड्या.
पाटीवर देवाचं नाव: मिथ्रास.
मी हळूच 'मित्र' म्हणून पाहिलं.
एक मेंढी बघत राहिली.

त्याच्या मुकुटाचे किरण आरपार कोरलेले,
मागे दिवा ठेवला की उजेड पुढे यावा म्हणून.
वाकून एका फटीतून पाहिलं:
ऑड्री चार्लटनची गाडी, वायपर चालू.

संध्याकाळी तिच्या ओट्यावर
मैदा, लोणी, काळे मनुके, दुधाचा हात.
"तव्यावर गायला लागली की उलटायची," ती म्हणाली.
थापता थापता माझ्या बोटानं
सवयीनं मधोमध भोक पाडलं.
"हे कशाला?"
तेल सोडायला. आमच्या थालीपिठाला असतं.
ऑड्रीनं नाक मुरडलं,
मग लोण्याचा खडा नेमका तिथंच टाकला.

गाणं कसलं, नुसतं चुरचुरणं;
पण ऐकताना दोघी गप्प झालो.
माझी कडेला कच्ची राहिली,
भोकाभोवती तेवढी खरपूस.
तिनं तेवढीच मोडून घेतली.

शेगडीपाशी माझे मोजे
अजून देवळाइतकेच ओले.