बरणी नऊ, लेडबरी

हॉपच्या मळ्यातली माती,
चाळून, भिजवून अंधारात ठेवलेली.
प्रत्येक बरणीत तेवढंच बुरशीनाशक.
तिसाव्या दिवशी निम्मं उरलं,
साठाव्याला निम्म्याचं निम्मं.
ज्यांना मारायला आलं
त्यांच्याच भाऊबंदांनी खाल्लं
कुरतडत, बिनबोभाट.

नववी मात्र मी आधी वाफवून घेतली होती.
तिच्यात जिवंत कोणी नाही.
तिथे औषध जसंच्या तसं,
काल टाकल्यासारखं.

प्रॉसर विचारतो, शून्य कधी होणार?
मी म्हणते, निम्म्याचं निम्मं करत
शून्य गाठत नाही कोणी.
आणि तुझ्या आजोबांनी फवारलेलं तांबं
अजून वीतभर खाली आहे.
ते कोणाला पचत नाही.

तो बांधावरचं ढेकूळ मुठीत फोडतो,
हुंगतो बराच वेळ.
मग नवव्या बरणीचं झाकण मागतो
उघडायला.